तिसऱ्या कागदावरची सही

१

मिस्त्रींचं दुकान साडेआठला उघडायचं म्हणजे साडेआठलाच. समोरचा घड्याळवाला त्यांच्या शटरच्या आवाजावर घड्याळं लावतो, असं लोक चेष्टेने म्हणत. घड्याळवाला ते नाकारत नसे.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार आणि दाराला पडदा. दुकानात कामाची दोन टेबलं. एक मिस्त्रींचं. दुसरं खिडकीजवळचं, पोराचं. त्या टेबलाला गेले चौदा महिने कुणी हात लावला नव्हता.

पोरगा चोवीस वर्षांचा होता. गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू संपला, बाकीचं सगळं यंत्रावर चाललंय. मिस्त्री यंत्राचा माणूस. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मोटर बाहेरून फिरवली म्हणून मशीन चालू आहे असं कुणी म्हणत नाही. त्यांनी होकार दिला. यकृत गेलं, दोन मूत्रपिंडं गेली, दोन डोळे गेले. हृदयाला जुळणारं माणूस वेळेत मिळालं नाही. पाच माणसं उभी राहिली.

वर्षभरात त्या पाचांची पाच पत्रं आली. नाव कळवायचं नाही असा नियम, म्हणून सही नसायची. दुपारी जेवण झालं की बायको पत्र मोठ्याने वाचायची. एक डोळा एका आजीबाईंना मिळाला होता. त्यांनी लिहिलं होतं, सुईत दोरा माझा मी ओवते आता. हे वाक्य मिस्त्रींनी चार वेळा वाचून घेतलं.

वाचून घेतलं, कारण मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, सही यायची, मशीनच्या कंपन्यांची नावं ते आकारावरून ओळखायचे. पण रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन अर्धा तास बसत आणि बरोबर वेळेला पान उलटत. बाजारात, नात्यात, दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोलाही ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

मग सहावं पत्र आलं.

बायकोने वाचलं, "नमस्कार. सगळं नीट बसतंय. पहिलं वर्ष जड जातं, ते गेलं. आता जपायचं. हळूहळू सवय होईल, मग त्रास होणार नाही. भेटूच."

ती थांबली.

"पुढे?" मिस्त्री म्हणाले.

"एवढंच आहे."

"कशाचा आहे हा? डोळा की किडनी?"

तिने कागद उलटा करून पाहिला. "ते नाही लिहिलं."

२

मिस्त्रींनी बोटं मोजली. यकृत एक. मूत्रपिंडं दोन, तीन. डोळे चार, पाच. पुन्हा मोजली. पाचच.

"एखाद्याने दुसऱ्यांदा लिहिलं असेल," ते म्हणाले.

"अक्षर वेगळं आहे."

"मग दवाखान्याची चूक. दुसऱ्याच्या घरचं पत्र आपल्याकडे टाकलं."

"असेल," बायको म्हणाली, आणि पत्र घडी करून बाकीच्या पाचांत ठेवून दिलं. चुकून आलेलं पत्र कुणी असं ठेवत नाही.

त्या दिवशी एका मशीनचा पट्टा बसवताना मिस्त्रींचा हात दोनदा घसरला. डोक्यात दवाखान्याचा तो व्हरांडा आला होता. हिरवट भिंत, लांब बाक, लिफ्टच्या दाराचा आवाज. कोऑर्डिनेटर बाई, म्हणजे अवयवदानाचं सगळं जुळवणाऱ्या बाई, त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी दोन कागद दोनदा वाचून दाखवले. काय काय द्यायचं ते एकेक विचारलं. मिस्त्रींनी दोन्हींवर सही केली. बाई फोन करायला गेल्या. बायको आत पोराजवळ होती.

आणि मग तिसरा कागद आला होता.

"इथे पण एक," कुणीतरी म्हणालं होतं. शेजारी फाईल घेऊन बसलेला माणूस. दवाखान्याचाच असणार, दुसरा कोण असणार? मिस्त्रींनी कागद हातात घेतला होता. काय आहे ते विचारलं असतं तर तो म्हणाला असता, वाचा ना. म्हणून त्यांनी विचारलं नाही. चष्मा लावला. एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नजर वरून खाली नेली. सहीच्या जागेच्या वर निळ्या शाईत आधीच काहीतरी होतं. त्यांनी खाली सही ठोकली.

"सावकाश वाचलंत," तो माणूस म्हणाला होता. "लोक वाचत नाहीत."

चौदा महिने हे आठवलं नव्हतं. आठवायचं कारण नव्हतं. आता मिस्त्रींनी हातातला पट्टा खाली ठेवला. आपण काहीतरी देऊन बसलो. पोराचं काहीतरी, जे त्या पाचांत नाही. आणि काय दिलं ते विचारायला गेलं तर पहिला प्रश्न येणार, तुम्ही वाचलं नव्हतं का?

त्यांनी विचारायचं नाही असं ठरवलं.

३

गल्लीच्या टोकाला एक शिंपी होता. अंगाने इतका बारीक की त्याला सगळे टाचणी म्हणत. तो मशीनचं डोकं खांद्यावर घेऊन आला.

"मिस्त्री, टाके सुटतायत. गिऱ्हाइकाची पँट शिवली, बसला आणि फाटली. लग्नाचा होता बिचारा."

"सुई कधी बदललीस?"

"सुई बदलायची असते?"

"चालता हो."

टाचणी हसला आणि स्टूल ओढून बसला. थोडा वेळ खिडकीजवळच्या टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचा पोरगा असता तर एव्हाना झालं असतं. चाक डाव्या हाताने असं झटक्यात फिरवायचा. मी म्हणायचो, अरे डावऱ्या, मशीन उलटी चालायला लागेल माझी."

मिस्त्रींनी मान वर केली. "कोण डावरा?"

"तुमचा पोरगा."

"माझा पोरगा उजवा होता."

चेष्टा आहे की काय, म्हणून टाचणीने मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहिलं. मिस्त्री चेष्टा करत नसत. "असेल," तो हळूच म्हणाला. "माझंच काहीतरी."

तो गेल्यावर मिस्त्रींनी पडदा बाजूला केला. "अगं, पोरगा कुठल्या हाताचा होता?"

बायको तांदूळ निवडत बसली होती. "उजव्या. का?"

"मीही तेच म्हटलं."

मग ते पोराच्या टेबलाशी गेले. खण उघडला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. आत कात्री होती. मिस्त्रींनी ती उजव्या हातात धरली आणि चिंधी कापायला घेतली. कापड कापलं जाईना, पात्यांत दुमडून बसायला लागलं. त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली. चिंधी सरळ कापली गेली.

ही कात्री त्यांनीच आणली असणार. डावऱ्याची कात्री मुद्दाम शोधून आणावी लागते. कुठून आणली, कधी आणली, पोराने हातात घेऊन काय म्हटलं, यातलं काहीही त्यांना आठवेना.

४

म्हातारपण, ते स्वतःशी म्हणाले. आणि दुःख. दोन्ही मिळून माणसाचं डोकं पोखरतात. यात नवल ते काय.

पण मिस्त्री हात बांधून बसणाऱ्यातले नव्हते. लिहिता येत नव्हतं, तरी मशीनचे सुटे भाग लक्षात ठेवायची त्यांची एक पद्धत होती. मशीन खोलताना टेबलाच्या कडेला कानशीने खूण करायची. एक खूण, एक भाग. शेवटी खुणा मोजायच्या, म्हणजे काही राहत नाही. चाळीस वर्षांत एक स्क्रू हरवला नव्हता.

त्यांनी तेच केलं. आपल्या टेबलाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पोराबद्दल जे जे पक्कं आठवत होतं त्याची एकेक खूण केली. डावरा होता, हे आता धरून. लहानपणी विंचू चावला होता. शिट्टी वाजवायचा, पण सूर लागायचा नाही. झोपेत दात खायचा. एका मुलीला चोरून भेटायचा, ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. असं करत नऊ खुणा झाल्या. नऊच का, याचं त्यांना वाईट वाटलं. चोवीस वर्षांच्या नऊ.

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. या वेळी बायकोने ते मोठ्याने वाचलं नाही. वाचून झाल्यावर सांगितलं.

"गुरुवारी दुपारी येणार आहेत ते."

"कोण?"

"सहावे."

"यायचं नसतं. नियम आहे."

"नियम दवाखान्याचे. घर आपलं आहे."

"आणि आहे कोण तो? काय मिळालंय त्याला आपल्या पोराचं? ते तरी लिहिलंय का?"

बायकोने पत्राची घडी केली. मग एक फार साधी गोष्ट बोलावी तसं म्हणाली, "आला की बघू ना. तुम्ही गुरुवारी दाढी करा."

मिस्त्रींनी टेबलाखाली हात घालून खुणा चाचपल्या. नऊ होत्या. डावरा. विंचू. शिट्टी. दात. मुलगी. पुढच्या चारांवरून त्यांनी बोट फिरवलं. बोट रिकामंच पुढे गेलं.

५

गुरुवारी सकाळी त्यांनी शटर उघडलंच नाही. समोरचा घड्याळवाला बाहेर येऊन बघत राहिला. मिस्त्री दवाखान्यात गेले.

कोऑर्डिनेटर बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली. मिस्त्रींनी वाटेत बोलणं जुळवून ठेवलं होतं.

"बाई, सहावं माणूस कुठलं?"

"सहावं?"

"पत्रं सहा आली. आता सात."

बाईंनी कपाटातून फाईल काढली. "मी पाच पाठवली. प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे येतं. त्यात नाव-पत्ता नाही ना, ते बघून मी पाकिटावर शिक्का मारते. त्या पत्रावर शिक्का होता?"

शिक्का गोल असतो. मिस्त्रींना शिक्का कळला असता. त्यांनी पाकिटं डोळ्यांपुढे आणली. पाचांवर गोल होता.

"नव्हता," ते म्हणाले. "आणि मी सही केलेले कागद किती आहेत तुमच्याकडे?"

"दोन. हे बघा."

त्यांनी पाहिलं. दोन्हींवर त्यांची सही होती, एकटीच.

"तिसरा?"

"तिसरा नसतोच."

"तुम्ही फोनला गेलात तेव्हा तुमच्या माणसाने आणून दिला. फाईल होती त्याच्याकडे. बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली."

बाईंनी फाईल मिटली. "मिस्त्री, आमच्या विभागात आम्ही तिघी बायका आहोत. पुरुष कुणीच नाही." मग जरा वाकून, "काय लिहिलं होतं त्या कागदावर?"

आला. प्रश्न आला. मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक मोठं चित्र होतं, माणसाचं शरीर उघडं करून आतलं दाखवलेलं.

"आता आठवत नाही," ते म्हणाले.

"काही वेळा फसवणारी माणसं येतात. असं कुणी घरी आलं तर आत घेऊ नका. मला फोन करा."

मिस्त्री उठले. दाराशी थबकले. त्यांना ते पाच जण आठवले होते. त्या पाचांबद्दल त्यांच्या मनात कधी किंतु नव्हता. "त्या लोकांना त्रास होतो का हो अजून? घेतलेल्यांना?"

"डोळ्यांचं फारसं नाही. बाकीच्यांना जन्मभर गोळ्या आहेत. शरीर फार मानी असतं. परकं आत आलं की ओळखतं आणि हाकलायला बघतं. गोळ्यांनी त्याची ओळख जरा पुसट करावी लागते."

"आपलं कुठलं, परकं कुठलं, ते कळू नये म्हणून?"

"तेच. त्याशिवाय नवं टिकत नाही." बाई हसल्या. "थोडं विसरायला लावतो आम्ही त्याला."

परतीच्या बसमध्ये मिस्त्रींना बसायला जागा होती, तरी ते उभे राहिले.

६

गल्लीत शिरल्यावर आधी आवाज आला. पायाने चालवायच्या मशीनचा. चाक, टाका, चाक, टाका, एका लयीत. शटर अर्धं वर होतं. ते त्यांनी उघडलं नव्हतं.

वाकून आत गेले. खिडकीजवळच्या टेबलाशी एक माणूस पाठमोरा बसला होता. फिकट सदरा, बाह्या मनगटापर्यंत बंद. टाचणीची मशीन त्याने चालती केली होती. बायको शेजारी स्टुलावर बसून चिंधीचे तुकडे पुढे सरकवत होती, आणि हसत होती. चौदा महिन्यांत मिस्त्रींनी तिचं हसू ऐकलं नव्हतं. त्यांना ते आधी दुसऱ्या कुणाचं वाटलं.

"आलात?" ती म्हणाली. "दाढी नाही केलीत."

माणूस उठला नाही, फक्त वळला. हात जोडले. मिस्त्रींनीही जोडले. तेवढी रीत ते शत्रूशीही पाळत.

"मशीन झाली," माणूस म्हणाला. "सुई जुनी होती."

आवाज साधा होता. माणूस साधा होता. मिस्त्रींनी मनाशी ठरवलं होतं की याला गळ्याला धरून बाहेर काढायचा. पण गळ्याला धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुपारभर तो बसला. काही मागितलं नाही. पाणी दिलं ते प्यायला. चारला उठला, म्हणाला, "येतो," आणि गेला.

त्याने एकदाही मिस्त्रींना काका म्हटलं नव्हतं, की साहेब. अनोळखी माणूस काहीतरी म्हणतोच.

पाचला टाचणी मशीन न्यायला आला. "मिस्त्री, दुपारी कोण बसवला होतात पोराच्या जागेवर? नवीन कामगार?"

"पाहिलास तू?"

"खिडकीतून. कसा दिसतो हो? म्हणजे, मी पाहिला, पण..." टाचणीने डोकं खाजवलं. "वय काय त्याचं?"

मिस्त्री सांगायला लागले आणि अडकले. तीन तास तो माणूस समोर होता. टक्कल होतं की केस? चाळिशीचा की साठीचा? बाह्यांची बटणं पांढरी होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यापलीकडे काहीच नाही.

"वहिनी तर त्याच्याशी..." टाचणी म्हणाला आणि मशीनकडे वळला.

"काय वहिनी?"

"काही नाही. मी येतो." मशीन उचलताना त्याने मिस्त्रींकडे पाहिलं नाही.

टाचणी गेल्यावर मिस्त्री भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले. फोटो होता तसाच होता. एक चोवीस वर्षांचा मुलगा, भुवया जुळलेल्या, हसू दाबलेलं. गोड मुलगा होता. एखाद्या गिऱ्हाइकाने आपल्या मुलाचा फोटो दाखवला की आपण म्हणतो, वा, छान आहे. मिस्त्रींना तेवढंच वाटलं. ते तसेच उभे राहिले, आणखी काही वाटायची वाट बघत.

७

तो दर गुरुवारी येणार, असं बायको म्हणाली होती. मग सोमवारीही आला. मग रोज.

मिस्त्रींनी बायकोला दोनदा सांगितलं, दवाखान्याने आत घेऊ नका म्हणून बजावलंय. पहिल्यांदा ती म्हणाली, "कुणाला?" दुसऱ्यांदा म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच." कोऑर्डिनेटर बाईंना फोन करायचा तर नंबर होता, आकडे येत होते. पण फोन लागला तर काय सांगणार? घरात एक माणूस येतो, मशीन दुरुस्त करतो आणि माझी बायको पोटभर जेवते आता?

कारण ते खरं होतं. ती जेवत होती. झोपत होती. केसांना तेल लावत होती. चौदा महिने घरात दोन माणसं एकमेकांना चुकवत वावरली होती, आणि आता पडद्यामागून बोलण्याचे आवाज येत होते. मिस्त्री पुढच्या टेबलाशी बसून ते ऐकत. कधी कधी त्यांना बरं वाटे. बरं वाटलं की ते घाबरत आणि टेबलाखाली हात घालत.

खुणा नऊ होत्या. पहिली, डावरा. दुसरी... दुसरी कशाची होती? काहीतरी चावलं होतं. कुत्रं? तिसरी शिट्टी. चौथीवर बोट ठेवून ते बसून राहिले. खूण खरी होती, बोटाला लागत होती, कानशीने लाकूड तेवढं खाल्लेलं होतं. इथे काहीतरी होतं. आपल्याच हाताने ठेवलेलं.

चाळीस वर्षांत त्यांचा एक स्क्रू हरवला नव्हता.

एका दुपारी खुणा तीन उरल्या. म्हणजे लाकडावर नऊच होत्या. मिस्त्रींजवळ तीन उरल्या. पुढच्या आठवड्यात पोरगाच उरणार नाही, हे त्यांना मशीनच्या आवाजावरून बिघाड कळावा तसं कळलं. पाच माणसांत पोरगा थोडा थोडा जगतोय, यावर त्यांनी हे वर्ष काढलं होतं. पण तो कोण होता हे सांगणारी माणसं दोनच. त्यातली एक पडद्यामागे हसत होती.

त्यांनी शटर खाली ओढलं. दुपारचे दोन वाजले होते.

८

माणूस खिडकीजवळ काम करत होता. पाठ इकडे. मिस्त्री त्याच्यापासून दोन हातांवर उभे राहिले.

"माझ्या सहीचा कागद आहे तुझ्याकडे."

"आहे ना."

"दाखव."

माणसाने न वळता खिशातून चौघडी कागद काढला आणि खांद्यावरून मागे धरला. "वाचा."

मिस्त्रींनी कागद उघडला. बारीक अक्षरांच्या ओळी. मुंग्यांच्या रांगा असाव्यात तशा. खाली त्यांची सही, आणि वर निळ्या शाईतलं ते दुसरं. छताचा पंखा गरगरत होता. त्यांनी चष्मा लावला. सवयीने नजर वरून खाली गेली. मग त्यांनी चष्मा काढला.

"मला वाचता येत नाही," मिस्त्री म्हणाले.

चौसष्ट वर्षांत हे वाक्य त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. ते फार मोठ्याने निघालं. पडदा हलला, बायको दारात आली.

"अगं, मला वाचता येत नाही," ते तिच्याकडे वळून म्हणाले. "दवाखान्यात मी न वाचता सही केली. पोराचं काय देऊन बसलो मला माहीत नाही. हा वाच. मला शिव्या दे, पण वाच."

ती जागची हलली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुमच्या मामांच्या निधनाची बातमी आली होती पेपरात. फोटो नव्हता, नुसतं नाव. तुम्ही पान उलटलंत आणि चहा मागितलात. तेव्हापासून माहीत आहे."

मिस्त्रींनी कागद तिच्यापुढे धरला.

"मग वाच ना आता."

"वाचलाय मी."

"कधी?"

"त्याच दिवशी. मी आत होते, पोराचा हात धरून. तो आधी माझ्याकडे आला होता." तिने हनुवटीने कागदाकडे दाखवलं. "वरची सही माझी आहे. निळी."

पंखा फिरत होता. माणूस कामात होता, चाक, टाका, चाक, टाका.

"तू वाचून..."

"दोनदा वाचला. मी वाचून सही केली."

"काय दिलं आपण?" मिस्त्रींनी विचारलं. "अगं, काय दिलं?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. आजाऱ्याला औषध कडू आहे हे सांगताना असते तशी माया होती.

"दिलं ते दोन कागदांवर," ती म्हणाली. "तिसऱ्यावर आपण घेतलं."

मशीन थांबली.

माणूस स्टुलावर पूर्ण वळला. खिडकीतलं ऊन त्याच्या तोंडावर थेट पडलं होतं. मिस्त्रींनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट, न चुकवता पाहिलं. नाक होतं, डोळे होते, ओठ होते, सगळं जागच्या जागी. पण नजर एकावरून दुसऱ्यावर गेली की पहिलं हातचं निसटत होतं. सुटी सुटी अक्षरं दिसावीत आणि शब्द लागू नये तसा तो चेहरा होता. मिस्त्री बघत राहिले, एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, वरून खाली.

त्यांना म्हणायचं होतं, ऊठ. हे माझ्या पोराचं टेबल आहे. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"जेवलास का रे?" ते म्हणाले.

"नाही अजून," तो म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो."

बायको ताटं घ्यायला आत गेली.